पांडित्यवीराची लक्षणे

एखाद्या व्यक्तीचे स्मरण होताच आपल्या स्वतःच्या कामाविषयी थोडी लाज आणि तिच्या पाठोपाठ थोडी उमेद वाटू लागते, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याचे विश्लेषण मात्र आपल्याकडे फारसे झालेले नाही. थोर पुरुषांची चरित्रे मराठीत विपुल आहेत. गौरवग्रंथ आणि स्मारकग्रंथ यांची तर वाणच नाही. पण त्यांतील बहुतेकांत गुणांची एक नामावळी असते, आणि ती इतकी सारखी असते की एकाचे नाव पुसून त्या जागी दुसऱ्याचे घातले तरी वाचकाच्या ध्यानात येऊ नये. अखंड उद्योग, निःस्पृहता, साधी राहणी आणि प्रखर बुद्धिमत्ता ही विशेषणे ज्याला लावता येत नाहीत असा दिवंगत विद्वान महाराष्ट्रात अद्याप व्हावयाचा आहे! अशा नामावळीने आदर व्यक्त होतो, परंतु त्या आदराचे कारण कळत नाही. आणि कारण कळल्यावाचून अनुकरण करावयाचे ते कशाचे, हेही कळत नाही.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे. ते उदाहरण डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर (१८८७–१९४३) यांचे. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक म्हणून त्यांचे नाव प्रत्येक विद्यार्थ्याच्या कानांवरून गेलेले असते. त्यांची निवड करण्याचे कारण एवढेच की त्यांचे गुण शोधण्यासाठी आठवणी आणि आख्यायिका यांच्यावर विसंबून राहावे लागत नाही. ते छापील पृष्ठावर दिसतात. तळटिपांत, परिशिष्टांत, इतकेच नव्हे तर अक्षरांखाली ओढलेल्या रेषांतही दिसतात.

१

प्रथम भावनेचे स्वरूप पाहू. आदर, कौतुक, विस्मय, स्पृहा हे शब्द आपण व्यवहारात एकमेकांच्या जागी वापरतो. ॲरिस्टॉटलने आपल्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात मत्सर आणि स्पर्धाशील स्पृहा यांत भेद केला आहे. दोन्हींच्या मुळाशी दुसऱ्याजवळ काही चांगले असल्याचे दुःख असते. पण मत्सर करणाऱ्याला ते दुसऱ्याजवळ आहे म्हणून दुःख होते, तर स्पृहा करणाऱ्याला ते आपल्याजवळ नाही म्हणून होते. पहिला दुसऱ्याचे हिरावून घेऊ पाहतो, दुसरा स्वतःला त्या योग्यतेस नेऊ पाहतो. स्पृहा ही सज्जनांची भावना आहे, असे म्हणून ॲरिस्टॉटल पुढे जातो. आपण आरंभी ज्या लाजेचा उल्लेख केला तिचा उगम येथे सापडतो.

आपल्या साहित्यशास्त्राने मात्र या विषयात अधिक बारकाई दाखविली आहे, असे आमचे मत आहे. अद्भुत रसाचा स्थायी भाव विस्मय, तर वीर रसाचा उत्साह. अलौकिक काही पाहिले की मन थबकते, डोळे विस्फारतात, आणि तेथेच क्रिया थांबते. हा विस्मय होय. उत्साहाचे तसे नाही. तो प्रेक्षकाच्या मनातही कार्योन्मुखता उत्पन्न करतो. आता असे पाहा : सुकथनकरांचा जन्म १८८७ सालचा, आणि श्रीनिवास रामानुजन यांचा जन्मही त्याच वर्षीचा. दोघेही केंब्रिजला गणिताच्या निमित्ताने राहिलेले. रामानुजन यांची सूत्रे पाहून मनात जो भाव उमटतो तो मुख्यतः विस्मयाचा. 'आपणही असे करावे' असा संकल्प शहाणा मनुष्य करीत नाही. कारण तेथे जे आहे ते देणगीच्या स्वरूपाचे आहे. त्यांच्या वह्यांमागेही अपार श्रम होते हे खरे, परंतु त्या श्रमांनी सर्वांनाच तेथवर नेले नसते. सुकथनकरांचे काम पाहून होणारा परिणाम निराळा आहे. त्यांनी केले ते करता येण्याजोगे होते. कोणी तरी ते केलेच पाहिजे होते. आणि ते तसे करावयास जे लागते ते बुद्धीच्या देणगीपेक्षा शीलाच्या घडणीत अधिक आहे, असे प्रत्येक पानावर जाणवते. लाज वाटते ती यामुळेच. जे आपल्या शक्तीबाहेरचे आहे त्याची लाज कोणाला वाटत नाही.

अमेरिकन तत्त्वचिंतक लिंडा झगझेब्स्की यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जन्मजात गुणांविषयीचे कौतुक आणि संपादित गुणांविषयीचे कौतुक यांत असाच भेद केला असून, नीतिशास्त्राची उभारणीच आदरणीय व्यक्तींच्या प्रत्यक्ष दर्शनावर करावी असे सुचविले आहे. त्यांच्या मते आधी सद्गुणाची व्याख्या करून मग ती कोणाला लागू पडते हे पाहावयाचे नसते. आधी माणूस ओळखू येतो, आणि मग त्याच्याजवळ काय आहे याचा शोध घेताना सद्गुणाची व्याख्या हाती लागते. कांटची भूमिका याच्या नेमकी उलट होती. कोणतेही उदाहरण आदर्श म्हणून स्वीकारण्यापूर्वी ते नीतितत्त्वाच्या कसोटीवर घासून पाहिले पाहिजे. उदाहरणाचा उपयोग उत्तेजन देण्यापुरताच, असे तो म्हणतो. या वादाचा निकाल येथे लावावयाचा नाही. पण गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील अर्जुनाचा प्रश्न या संदर्भात आठवावा. स्थितप्रज्ञतेची व्याख्या काय, एवढेच विचारून तो थांबत नाही. असा मनुष्य बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा, असे विचारतो. त्यावरील भाष्यात शंकराचार्यांनी केलेले विधान फार मोलाचे आहे. जी कृतार्थ पुरुषाची लक्षणे तीच साधकाची साधने, कारण ती यत्नाने साध्य होणारी आहेत, असा त्याचा आशय. म्हणजे आदरणीय माणसाचे वर्णन हे स्तुतीसाठी नसून पाठ घेण्यासाठी असते. मात्र त्यासाठी लक्षणे नेमकी हेरली पाहिजेत.

वीर रसाविषयी आणखी एक गोष्ट. भरताने वीराचे विभाव सांगताना असंमोह आणि अध्यवसाय हे शब्द अगदी आरंभी घातले आहेत, त्यांच्यामागून नय व विनय येतात, आणि बल व पराक्रम यांचा क्रमांक त्यानंतरचा. गोंधळून न जाणे आणि निश्चयाने लागून राहणे, ही शौर्याची पहिली सामग्री ठरते. पुढे सतराव्या शतकात जगन्नाथ पंडिताने दानवीर, दयावीर, युद्धवीर व धर्मवीर हे परंपरागत चार भेद सांगून झाल्यावर, वस्तुतः वीराचे याहून पुष्कळ प्रकार होऊ शकतात असे म्हटले आणि सत्यवीर, क्षमावीर यांच्या जोडीस 'पांडित्यवीर' असा एक प्रकार मांडला. कल्पना उत्तम, परंतु जगन्नाथाचा पांडित्यवीर हा वादसभेतील आहे. साक्षात बृहस्पती बोलावयास उभा राहिला तरी मी समोर आहे, अशा थाटाची त्याची घोषणा असते. जगन्नाथाचा स्वतःचा स्वभाव पाहता हे साहजिकच होते! आपल्याला शोधावयाचा आहे तो पांडित्यवीर मात्र या जातीचा नव्हे.

२

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची हकीकत येथे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. अशी आवृत्ती हवी ही सूचना विंटरनिट्झ यांनी १८९७ साली पॅरिस येथील प्राच्यविद्या परिषदेत मांडली. युरोपातील विद्वत्संस्थांनी ती उचलून धरली, आणि १९०८ साली ल्यूडर्स यांनी एक छोटासा नमुनाही छापला. परंतु पहिल्या महायुद्धाने ती योजना बारगळली. इकडे १९१७ साली पुण्यास भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले आणि १ एप्रिल १९१९ रोजी वृद्ध रामकृष्णपंत भांडारकरांच्या हस्ते कामाचा प्रारंभ झाला. १९२३ साली ना. बा. उटगीकरांनी विराटपर्वाची तात्पुरती आवृत्ती तयार करून ती विद्वानांकडे अभिप्रायार्थ पाठविली. १९२५ साली प्रमुख संपादकपद सुकथनकरांकडे आले.

त्यांची पूर्वतयारी अनपेक्षित वळणांची होती. केंब्रिजला गणित, त्यानंतर बर्लिनला त्याच ल्यूडर्स यांच्या हाताखाली संस्कृत भाषाशास्त्र, आणि शाकटायनाच्या व्याकरणावर प्रबंध. परत आल्यावर पुराणवस्तुसंशोधन खात्यात नोकरी आणि शिलालेखांचे वाचन. मग भास. त्रिवेंद्रमला सापडलेली तेरा नाटके भासाचीच असे म्हणणाऱ्यांचा आणि मुळीच नव्हेत असे म्हणणाऱ्यांचा त्या काळी मोठा सामना जुंपलेला होता. सुकथनकरांनी प्राकृत रूपे, वृत्ते आणि समान श्लोकार्ध यांची मोजदाद केली, आणि दोन्ही पक्षांचे पुरावे त्यांच्या निष्कर्षांचा भार पेलू शकत नाहीत असे दाखविले. अशा निर्णयाने कोणाचीच वाहवा मिळत नाही. पण पुढील अठरा वर्षांत जो माणूस दिसतो त्याची पहिली ओळख येथे पटते.

आदिपर्वाचे काम म्हणजे काय होते याची कल्पना आज सहज येत नाही. काश्मीरच्या शारदा लिपीपासून मल्याळी लिपीपर्यंत, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ अशा नाना लिप्यांतील पोथ्या मिळवावयाच्या. प्रत्येक श्लोकासाठी स्वतंत्र पत्र आखावयाचे. आणि शास्त्रीमंडळींनी बसून एकेका पोथीतील पाठ अक्षरशः ताडून त्या पत्रावर उतरावयाचा. पुण्याप्रमाणेच शांतिनिकेतन आणि तंजावर येथेही पाठ ताडण्याची केंद्रे होती. आदिपर्वासाठी सुमारे ६० पोथ्यांचा ताळा घेतला गेला. सर्व अठरा पर्वांसाठी मिळून १,२५९ हस्तलिखिते वापरली गेली. या पोथ्या एकमेकींपासून स्वच्छपणे फुटलेल्या शाखा असत्या तर ग्रीक-लॅटिन ग्रंथांसाठी युरोपात रूढ झालेली वंशवृक्षाची पद्धती सरळ वापरता आली असती. तसे नव्हते. महाभारत लिहून घेणारा लेखक एका पोथीवर थांबत नसे. शेजारच्या गावी अधिक श्लोकांची पोथी आहे असे कळले की ते श्लोकही तो आपल्या पोथीत, निदान समासात, उतरून घेई. पुण्याची गोष्ट कोण टाकील? त्यामुळे शाखा एकमेकींत मिसळल्या, आणि ग्रंथ वाढत राहिला.

या गुंत्यातून सुकथनकरांनी काढलेली वाट थोडक्यात अशी. परस्परांशी संबंध न आलेल्या वाचनांत, उदाहरणार्थ काश्मिरी आणि दाक्षिणात्य वाचनांत, जो पाठ समान आढळतो तो जुना समजावयाचा. जेथे त्या भिन्न आहेत तेथे ज्या पाठापासून इतर पाठ कसे निपजले हे सांगता येते तो स्वीकारावयाचा. लेखकांनी नंतर 'सुधारून' टाकलेली आर्ष रूपे, सांभाळून न घेतलेले संधी, अडखळणारी वृत्ते पुराव्याने सिद्ध होत असतील तर तशीच ठेवावयाची. पोथीचा आधार नसताना स्वतःच्या कल्पनेने पाठ दुरुस्त करण्याचा मोह शक्य तितका टाळावयाचा. आणि जे मुख्य संहितेतून वगळावयाचे ते फेकून न देता तळटिपांत किंवा परिशिष्टात, कोणत्या पोथीत आहे आणि कोणत्या पोथीत नाही याच्या नोंदीसह, जसेच्या तसे छापावयाचे.

यातील शेवटच्या नियमाकडे विद्यार्थ्यांचे लक्ष विशेष वेधावेसे वाटते. गणेशाने व्यासांचा लेखक होऊन भारत लिहून घेतले ही कथा घरोघर माहीत आहे. ती काश्मिरी पोथ्यांत नाही, इतरही अनेक पोथ्यांत नाही. म्हणून ती परिशिष्टात गेली. द्रौपदीने स्वयंवरात कर्णाला सूतपुत्र म्हणून नाकारले, हा प्रसंग तर आपल्या नाटक-कादंबऱ्यांनी कर्णाच्या सर्व शोकांतिकेचे मूळ म्हणून वापरलेला. तिचे ते उद्गार बहुसंख्य पोथ्यांत नाहीत, म्हणून ते तळटिपेत गेले. गणपतीच्या पुण्यनगरीत बसून गणपतीची कथा मुख्य संहितेतून बाहेर काढण्यास किती धैर्य लागले असेल, असे कोणी म्हणेल. ते लागले असेलच. पण आमच्या मते याहून अवघड धैर्य दुसरे होते. वगळलेली प्रत्येक ओळ वाचकासमोर ठेवून, 'माझा निर्णय हा. तो खोडून काढण्यास लागणारी सामग्री ही' असे म्हणण्याचे. जगन्नाथाचा पांडित्यवीर प्रतिपक्ष्याच्या हाती शस्त्र देत नाही. हा देतो.

आणि तीच गोष्ट त्या नागमोडी रेषेची. संहितेतील जो पाठ निःसंशय नाही, पोथ्यांचा पुरावा ज्याबाबतीत दोलायमान आहे, त्याखाली या आवृत्तीत नागमोडी रेषा छापलेली असते. क्वचित ती एका अक्षराखाली असते, क्वचित आख्ख्या चरणाखाली. अनेक पाने अशी आहेत की ज्यांवर ती पुन्हा पुन्हा भेटते. ज्या संपादकाने एका श्लोकासाठी दहा, वीस, चाळीस पोथ्या ताडल्या आहेत त्याला 'हे मला ठाऊक नाही' असे छापण्याचा अधिकार प्राप्त होतो. इतरांचे 'ठाऊक नाही' हे आळसाचे असू शकते. सामान्यतः संशय आणि उद्योग यांचा विरोध मानला जातो. संशयी मनुष्य काम करीत नाही आणि कामसू मनुष्य संशय घेत नाही. येथे संशय हा उद्योगाचेच फळ म्हणून येतो. या गुणाला आपल्या भाषेत रूढ नाव नाही. विनय म्हणावे तर तो शब्द नम्र वागणुकीपुरता झिजलेला आहे. भरताचा असंमोह त्याच्या जवळ जातो. कांट आणि झगझेब्स्की यांच्या वादात या एका बाबतीत तरी आम्ही झगझेब्स्की यांच्या बाजूला आहोत. हा गुण आहे हे आपल्याला व्याख्येवरून कळले नसते. तो कोणी तरी आचरून दाखवावा लागला.

३

१९२७ साली आदिपर्वाचा पहिला खंडांश बाहेर पडला. दोन वर्षांनी सिल्व्हां लेव्ही यांनी त्याचे परीक्षण लिहिले. लेव्ही हे त्या काळच्या फ्रेंच प्राच्यविद्येचे मुकुटमणी. त्यांनी कामाची वाखाणणी केली, आणि त्याबरोबर असा सल्ला दिला की मूळ संहितेच्या पुनर्रचनेचा नाद सोडावा, नीलकंठाचा प्रचलित पाठ छापून त्याखाली पाठभेद द्यावेत. हा सल्ला मानला असता तर पुष्कळ श्रम वाचले असते, आणि टीकेचीही भीती उरली नसती. सुकथनकरांनी तो मानला नाही. पण का मानला नाही हे सविस्तर लिहिले. नीलकंठाचा पाठ हा सतराव्या शतकातील एका विद्वानाने निरनिराळ्या पोथ्यांतून जमवलेला. तो पायाभूत धरला तर वाचकाला जुने कोणते आणि नवे कोणते हे कळण्याचा मार्गच बंद होतो, हा त्यांच्या उत्तराचा गाभा. रूबेन यांच्या आक्षेपांनाही त्यांनी असेच उत्तर दिले. या उत्तरांचा सूर पाहण्यासारखा आहे. प्रतिपक्ष्याचे म्हणणे त्याच्याच सर्वांत बलवान स्वरूपात मांडावयाचे, मान्य असेल तेवढे मान्य करावयाचे, आणि मग उरलेल्यावर उदाहरणांचा ढीग घालावयाचा. १९३३ साली पूर्ण आदिपर्वासोबत प्रसिद्ध झालेल्या प्रस्तावनेत त्यांनी हेही स्पष्ट केले की ही संहिता म्हणजे व्यासांचे मूळ भारत नव्हे, किंवा वैशंपायनाने सांगितलेलेही नव्हे. उपलब्ध पोथ्यांच्या आधारे जेवढे मागे जाता येते तेवढे जाऊन मिळणारे ते रूप आहे. दाव्याची मर्यादा दावा करणाऱ्यानेच आखून द्यावी, ही गोष्ट तेव्हाही विरळा होती.

त्यानंतर काही वर्षांनी नेपाळातून आदिपर्वाची एक फार जुनी पोथी उपलब्ध झाली. आदिपर्व छापून झालेले होते. पोथी संपादनात वापरली गेलेली नव्हती. म्हणजे निसर्गानेच जणू परीक्षा घेतली. सुकथनकरांनी ती पोथी आपल्या संहितेशी ताडली आणि हाती आलेली माहिती प्रसिद्ध केली. त्यांनी पुराव्यावरून वगळलेले पुष्कळसे श्लोक या पोथीतही नव्हते, आणि निवडलेल्या अनेक पाठांना तिने दुजोरा दिला. निष्कर्ष उलट निघाला असता तर त्यांनी तो छापला असता काय? असा प्रश्न सहसा कोणाविषयी विचारू नये, कारण त्याचे उत्तर देता येत नाही. येथे ते देता येते. नागमोडी रेषा आधीच छापलेल्या होत्या.

असे असले तरी सुकथनकर सर्वत्र इतके सावध होते असे म्हणणे बरोबर होणार नाही. भृगुकुल आणि भारत यांच्या संबंधावर १९३६ साली त्यांनी लिहिलेला दीर्घ निबंध प्रसिद्ध आहे. महाभारतात भार्गवांच्या कथा वारंवार येतात, आणि त्यावरून हा ग्रंथ मधल्या काळात भृगुकुलाच्या प्रभावाखाली गेला असावा, असे त्यांनी त्यात मांडले. कथांची नोंद अचूक आहे. त्यावर उभारलेले अनुमान मात्र त्या नोंदीपेक्षा बरेच पुढे जाते, आणि पुढील अभ्यासकांनी त्यावर आक्षेप घेतले आहेत. अनुमानाखाली नागमोडी रेषा ओढण्याची सोय छापखान्यात नसते! चिकित्सक आवृत्तीच्या मूळ कल्पनेवरही मादलेन बियार्दो यांच्यासारख्या विदुषींनी हल्ला चढविला. मौखिक परंपरेतून वाढलेल्या ग्रंथाला एक मूळ संहिता नसतेच, असे त्यांचे म्हणणे. हा वाद आजही मिटलेला नाही. मात्र तो खेळताना दोन्ही पक्ष ज्या पाठभेदांचा आधार घेतात ते याच आवृत्तीच्या तळटिपांत आहेत, हे विसरता येत नाही.

४

आदरणीय व्यक्तींचे दोष हा विषय निघालाच आहे, तर इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांचा उल्लेख टाळणे योग्य होणार नाही. महाराष्ट्रात संशोधनाची प्रेरणा म्हणून ज्यांचे नाव प्रथम येते ते राजवाडेच. १८९८ साली पानिपतच्या काळातील पत्रांचा पहिला खंड काढून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा आरंभ केला. तिचे २२ खंड झाले. गावोगाव पायपीट करून दप्तरे गोळा करणारा, १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापणारा आणि पुढे त्याच मंडळाशी न पटल्याने धुळ्याची वाट धरणारा हा मनुष्य सुकथनकरांच्या अगदी उलट प्रकृतीचा. राजवाड्यांच्या लेखणीत संशयाला जागा फार थोडी. एका धातूवरून ते एका समाजाचा इतिहास उभा करीत, आणि विरोधकाची संभावना करताना शब्दांची काटकसर करीत नसत. त्यांच्या व्युत्पत्त्यांपैकी बऱ्याचशा आज कोणी स्वीकारीत नाही. त्यांनी वाचविलेल्या कागदांवाचून मात्र अठराव्या शतकाचा इतिहास लिहिता येत नाही.

सूझन वुल्फ यांनी १९८२ साली नैतिक संतांवर लिहिलेल्या निबंधात, सर्वांगी निर्दोष मनुष्य हा अनुकरणाचा आदर्श म्हणून आपल्याला खरोखर हवासा वाटत नाही, असे प्रतिपादन केले होते. राजवाड्यांविषयी मराठी मनाला असलेली ओढ त्या मताला पुष्टी देते असे वाटेल. आम्हाला ते तसे वाटत नाही. राजवाडे आपल्याला त्यांच्या तिरसटपणामुळे प्रिय नाहीत. कागद नष्ट होत आहेत याची जी तळमळ त्यांना लागली होती तिच्यामुळे आहेत. तिरसटपणा हा त्या तळमळीचा आवश्यक घटक होता असे समजणे ही चरित्रकारांनी लावलेली सवय आहे. तिचा परिणाम असा होतो की शिष्य गुरूची तळमळ बाजूला ठेवून त्याचा फटकळपणा तेवढा उचलतो. फटकळपणा उचलण्यास सोपा, हे उघड आहे. लक्षणे हीच साधने हे शंकराचार्यांचे सूत्र लावताना यत्नसाध्य हा शब्द म्हणूनच विसरता कामा नये. जे आयतेच जमते ते साधन नव्हे.

महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचे उदाहरणही बोलके आहे. 'व्यवहारमयूख' या एका ग्रंथाच्या आवृत्तीस धर्मशास्त्राच्या इतिहासाची एक प्रस्तावना जोडावी एवढाच त्यांचा मूळ बेत होता. ती प्रस्तावना १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे वाढत जाऊन पाच खंडांचा ग्रंथ झाली, आणि तीही वकिलीचा व्यवसाय व जुनाट पोटदुखी सांभाळून. येथे आपल्याला जे आकर्षून घेते ते सुकथनकरांपेक्षा वेगळे आहे : प्रश्न जितका मोठा निघाला तितके मोठे होण्याची तयारी. त्याचे सविस्तर विवेचन स्वतंत्र लेखाचा विषय होईल.

५

सामुदायिक कामाचे श्रेय एका नावाभोवती गोळा होते, ही आदराच्या भावनेची एक उणीव आहे आणि ती येथे नोंदविली पाहिजे. पाठ ताडणारे शास्त्री बहुतेकांच्या स्मरणात नाहीत. रघुवीर, सुशीलकुमार डे, फ्रँकलिन एजर्टन, श्री. कृ. बेलवलकर, प. ल. वैद्य, रा. ना. दांडेकर यांनी निरनिराळी पर्वे संपादिली. त्यांपैकी एजर्टन यांच्या सभापर्वात (१९४४) द्रौपदीने वस्त्रहरणाच्या वेळी केलेला कृष्णाचा धावा तळटिपेत गेला, आणि तो निर्णय गणेशकथेहून कमी धाडसाचा नव्हता. सुकथनकरांनी स्वतः आदिपर्व आणि आरण्यकपर्व अशी दोनच पर्वे पुरी केली. परंतु इतरांनी जे नियम पाळले ते त्यांनी घालून दिलेले होते. स्वतःच्या पश्चात आपल्यावाचून काम चालावे अशी पद्धती मागे ठेवणे, हा गुण प्रतिभावंतांत क्वचितच दिसतो. येथे त्याची परीक्षा फार लवकर झाली.

जानेवारी १९४३ च्या प्रारंभी संस्थेचा रौप्यमहोत्सव झाला. आरण्यकपर्व नुकतेच पुरे झाले होते. त्याच सुमारास मुंबई विद्यापीठाच्या विद्यमाने महाभारताच्या अर्थावर चार व्याख्याने देण्याचे त्यांनी स्वीकारले होते. आयुष्यभर ज्याने अक्षरे सुटी केली तो आता समग्र ग्रंथाविषयी बोलणार होता. लौकिक, नैतिक आणि आध्यात्मिक अशा तीन पातळ्यांवर हा ग्रंथ एकाच वेळी वाचावा लागतो असे त्यांचे प्रतिपादन होते, आणि ग्रंथाचे तुकडे करून त्यातील खरा भाग निवडू पाहणाऱ्या पाश्चात्त्य पंडितांवर त्यांनी त्यात कठोर टीका केली आहे. संहितेचे चिकित्सक म्हणून ओळखल्या गेलेल्या विद्वानाने हे म्हणावे याचे काहींना आश्चर्य वाटते. ते वाटण्याचे कारण नाही. पोथ्यांच्या पुराव्यावरून श्लोक वगळणे वेगळे आणि आपल्या अभिरुचीवरून वगळणे वेगळे. पहिले त्यांनी केले, दुसऱ्याचा त्यांना राग होता. तीन व्याख्याने झाली. चौथे देण्यापूर्वीच, २१ जानेवारी १९४३ रोजी, त्यांचे निधन झाले. चारही व्याख्याने १९५७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

काम थांबले नाही. बेलवलकरांनी १९६१ पर्यंत आणि त्यानंतर वैद्यांनी प्रमुख संपादकत्व सांभाळले, आणि २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत आवृत्ती पूर्ण झाल्याचे जाहीर करण्यात आले.

आज ही संहिता संगणकावर क्षणात शोधता येते. त्यामुळे अभ्यासाची मोठी सोय झाली आहे, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. परंतु विद्यार्थ्यांच्या हाती जी प्रत असते तिच्यात बहुधा फक्त मुख्य संहिता असते. तळटिपा नसतात, परिशिष्टे नसतात, अक्षरांखालची नागमोडी रेषाही नसते. भाषांतरांत तर ती उतरविण्याचा मार्गच नाही. परिणामी ज्या पाठाविषयी संपादकाने स्वतः शंका नोंदविली तोच पाठ 'चिकित्सक आवृत्तीचा निर्णय' म्हणून प्रबंधांत उद्धृत होऊ लागला आहे. या विभागातील ज्या विद्यार्थ्यांचा प्रबंध महाभारतावर आहे त्यांनी निदान आपल्या आधारश्लोकांपुरते तरी ग्रंथालयातील छापील खंड उघडून पाहावेत.